मिठागर ते क्षारपड : एका उन्हाळी संशोधनाचा अनुभव

कृष्णा नदी महाबळेश्वरला, अरबी समुद्रापासून अवघ्या ६४ किलोमीटरच्या आसपास उगम पावते. तरीही तिचे पाणी त्या समुद्राला मिळत नाही. वाई, कराड, सांगली असे करत ती पूर्वेकडे वळते आणि सुमारे १,४०० किलोमीटर वाहून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे असे समुद्राकडे पाठ करून बसलेले असल्यामुळे सागरी सूक्ष्मजीवशास्त्र, म्हणजे समुद्राच्या पाण्यात, गाळात आणि खाऱ्या दलदलीत राहणाऱ्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचा अभ्यास, येथील पदवीच्या विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या प्रकरणापुरताच भेटतो. तरीही या भागातले काही विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुटीत किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळांत कामाला जातात. त्यांच्या हाती तेथे नेमके काय लागते, आणि ते इकडे परत आल्यावर कितपत उपयोगी पडते, याचा विचार वाळवा तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबातील, सांगलीत बी.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थिनीच्या अनुभवाच्या आधारे येथे केला आहे.

या शाखेचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत काम करणारे क्लॉड झोबेल यांनी १९४०च्या दशकात समुद्री जिवाणू वाढवण्यासाठी एक पोषकमाध्यम सिद्ध केले, आणि १९४६ साली त्यांचा सागरी सूक्ष्मजीवशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत ‘झोबेल मरीन अगर’ याच नावाची भुकटी बाटलीतून काढून वजन केली जाते. भारतात या विषयाला संस्थात्मक बळ मिळाले ते आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर. त्या मोहिमेच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, आणि तिचे मुख्यालय गोव्यात दोनापावला येथे आले. अरबी समुद्राच्या मधल्या थरांत प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो आणि तेथील जिवाणू श्वसनासाठी नायट्रेटचा वापर करतात, या व अशा प्रश्नांवर या संस्थेत दीर्घकाळ काम झाले आहे. गोवा विद्यापीठातही खारफुटीच्या आणि मिठागरांच्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास होत आला आहे. त्यामुळे दक्षिण महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला समुद्रावर काम करायचे झाले, तर गोवा हे सोयीचे ठिकाण ठरते. सातारा, सांगली आणि मिरज या तिन्ही स्थानकांवर थांबणारी गोवा एक्सप्रेस त्याला बेळगाव, लोंढा आणि दूधसागरच्या घाटातून रात्रीत किनाऱ्यावर नेऊन सोडते.

अशा संधी दोन वाटांनी मिळतात. बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तीन अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात, आणि तिच्यासाठी आदल्या हिवाळ्यातच अर्ज भरावा लागतो. दुसरी वाट म्हणजे एखाद्या शास्त्रज्ञाला थेट पत्र लिहून परवानगी मिळवणे. या दोन्ही वाटा कागदावर सर्वांना खुल्या असल्या, तरी तालुक्याच्या महाविद्यालयापर्यंत त्यांची माहिती पोहोचते ती बहुतेक वेळा मुदत उलटून गेल्यावर. शिवाय परीक्षा मे महिन्यात रेंगाळली की सुटीचे आठवडे कमी होतात, आणि राहण्या-जेवणाचा खर्च घरच्यांना आधी करावा लागतो. प्रस्तुत विद्यार्थिनीने दुसरी वाट धरली होती. तिच्या पत्राला गोव्यातून उत्तर आले, याचे कारण तिने त्यात आपले गुण सांगण्याऐवजी एक साधा प्रश्न विचारला होता : पाऊस पडल्यावर मिठागरातल्या मीठप्रिय जिवांचे काय होते?

या प्रश्नाचे मोल कळण्यासाठी महाविद्यालयीन प्रात्यक्षिकाचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला ग्रॅम रंजन, म्हणजे जिवाणूंचे जांभळे आणि गुलाबी असे दोन गट पाडणारी रंग देण्याची पद्धत, नदीच्या पाण्यातील मैलाजन्य जिवाणूंची संख्या अंदाजणारी एमपीएन चाचणी, शर्करा आंबवण्याच्या चाचण्या असे नेमून दिलेले प्रयोग करावे लागतात. कृष्णेच्या घाटावरून बाटलीत पाणी आणायचे, नळ्यांमध्ये वायू जमतो का ते पाहायचे, तक्त्यावरून आकडा काढायचा आणि तो प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायचा, ही पद्धत हाताला वळण लावण्यासाठी आवश्यकच आहे. तथापि या प्रत्येक प्रयोगाचे उत्तर शिक्षकाला आधीच ठाऊक असते, आणि विद्यार्थ्यालाही ते ठाऊक असल्याने अपेक्षित उत्तर आले नाही की प्रयोग ‘फसला’ असे मानून शेजारच्या बाकावरचा आकडा लिहिला जातो. जर्नलवर शेवटी प्रमाणपत्राची सही होते ती प्रयोग पूर्ण झाल्याची. काही कळल्याची नव्हे. संशोधनाच्या प्रयोगशाळेत पहिला फरक जाणवतो तो हाच की, तेथे उत्तर कोणालाच ठाऊक नसते, आणि म्हणून शेजाऱ्याकडे पाहण्याची सोयही नसते.

अभ्यासाची जागा म्हणून निवडलेली गोव्यातील मिठागरे मांडवी आणि अन्य नद्यांच्या खाड्यांलगत आहेत. रायबंदर, हडफडे, पेडण्यातील आगरवाडा अशा ठिकाणी भरतीचे पाणी बांधातल्या दारातून आत घेतले जाते, एका मोठ्या कप्प्यात ते साठवले जाते, तेथून उथळ कप्प्यांत सोडून उन्हाने आटवले जाते, आणि शेवटच्या, चिखल तुडवून गुळगुळीत केलेल्या लहान वाफ्यांत मीठ धरते. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात; मीठ धरण्याच्या वाफ्यात हे प्रमाण त्याच्या सात-आठ पट होते. थंडीत सुरू झालेला हा हंगाम मेअखेर संपतो, कारण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मॉन्सून गोव्यात आला की सगळी मिठागरे गोड्या पाण्याखाली जातात. पाण्याचा खारटपणा इतका टोकाचा असतो आणि इतक्या लवकर बदलतो अशा जागा निसर्गात थोड्या आहेत, आणि उन्हाळ्याच्या सुटीचा काळ नेमका या बदलावर येतो. दोन महिन्यांच्या मुदतीत बसणारा प्रश्न निवडणे हे मोठे कौशल्य असते, आणि या बाबतीत तो प्रश्न ऋतूनेच नेमून दिला होता.

या दाट खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या जिवांपैकी महत्त्वाचा गट आर्किया या वर्गातला आहे. आर्किया दिसायला जिवाणूंसारखे असले, तरी त्यांची वंशावळ वेगळी आहे, हे कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली रायबोसोममधील आरएनएच्या तुलनेवरून दाखवून दिले. मीठप्रिय आर्किया आपल्या पेशीच्या आत पोटॅशियमचे क्षार साठवून बाहेरच्या मिठाचा दाब तोलून धरतात. त्यांची प्रथिने त्या क्षारांतच स्थिर राहतात आणि मीठ कमी झाले की विस्कटतात. त्यांच्यापैकी अनेक जाती गोड्या पाण्यात टाकल्या, तर क्षणात फुटतात. त्यांच्या पेशीतील केशरी-लाल रंगद्रव्यामुळे त्यांना कडक उन्हापासून संरक्षण मिळते, आणि याच रंगामुळे मे महिन्यात काही वाफ्यांचे पाणी गुलाबी दिसते. जो जीव गोड्या पाण्यात फुटतो त्याच्या घरावर दरवर्षी चार महिने गोडे पाणी उभे राहते, आणि पुढच्या हंगामात तो पुन्हा तेथे हजर असतो. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचा गाभा या विसंगतीत होता.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात मात्र प्रश्नापासून झाली नाही, धुण्यापुसण्यापासून झाली. काचेची भांडी साबणाने, नंतर नळाच्या आणि शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने धुणे, वाळवणे, पिपेटच्या टिपा डब्यांत भरणे, माध्यम तयार करणे आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसला निर्जंतुक करणारी पेटी असते तिच्यात, ठेवणे, अशा कामांत सुरुवातीचा काळ जातो. ज्या सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढून श्रम आणि शिक्षण यांची सांगड घातली, त्याच्या शेजारच्या जिल्ह्यातून आलेल्या मुलीला या कामाचे ओझे वाटण्याचे कारण नव्हते. परंतु हे काम म्हणजे संशोधनाआधीची हमाली नसून संशोधनाचाच भाग आहे, हे तिला हळूहळू उमगले. एक लिटर माध्यमात २५० ग्रॅम मीठ घालायचे असेल, तर ते कोणत्या क्रमाने विरघळवायचे, मॅग्नेशियमचे क्षार वेगळे निर्जंतुक करून नंतर का मिसळायचे, वजनकाट्याच्या तबकडीवर सांडलेले मीठ त्याच क्षणी का पुसायचे, हे पुस्तकात एका ओळीत असते किंवा नसतेच. मिठाने गंजलेला पोलादी चमचा आणि पांढरी पुटे चढलेली ऊबकपेटीची जाळी त्या प्रयोगशाळेत कोणालाही दाखवता येत होती.

माध्यम घट्ट करण्यासाठी लागणारा अगर हा पदार्थ लाल समुद्रशेवाळांतून काढतात. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत १८८१ साली फॅनी हेस यांच्या सूचनेवरून तो जिवाणू वाढवण्यासाठी प्रथम वापरला गेला, आणि त्याआधी वापरात असलेले, ऊबेला वितळणारे जिलेटिन मागे पडले. भारतात अगरासाठीचे शेवाळ प्रामुख्याने तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून गोळा होते. सांगलीतल्या प्रयोगशाळेत पहिल्या वर्षापासून ज्या प्लेटा, म्हणजे घट्ट माध्यमाच्या उथळ बशा, ओतल्या, त्यांना आधार देणारा पदार्थ समुद्रातून येतो, ही गोष्ट या विद्यार्थिनीला गोव्यात कळली. आपल्या विषयाचा समुद्राशी संबंध नाही ही समजूत त्यामुळे पहिल्याच आठवड्यात ढिली पडली.

नमुने घेण्याचे काम सकाळी लवकर, ऊन चढण्याआधी केले जाई. वाफ्यातले पाणी, वाफ्याच्या तळाचा चिखल आणि ताजे धरलेले मीठ असे तीन प्रकारचे नमुने निर्जंतुक बाटल्यांत घ्यायचे, प्रत्येक बाटलीवर जागा, तारीख, वेळ आणि तापमान पेन्सिलीने लिहायचे, कारण शाईची अक्षरे खाऱ्या पाण्याने आणि स्पिरिटने पुसली जातात, आणि पाण्याचा खारटपणा रिफ्रॅक्टोमीटर या हातात मावणाऱ्या यंत्राने पाहायचा. हे यंत्र प्रकाश किती वाकतो यावरून क्षारांचे प्रमाण दाखवते. परंतु त्याची पट्टी वाफ्यातल्या पाण्यासाठी अपुरी पडत असल्याने ते पाणी आधी मोजून पातळ करावे लागे. लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने मीठ ओढणाऱ्या कामगाराला कोणत्या वाफ्यात उद्या मीठ धरेल हे पाण्याच्या रंगावरून आणि वर तरंगणाऱ्या पातळ पापुद्र्यावरून सांगता येत होते. यंत्रावरचा आकडा आणि त्याचे म्हणणे यांचा मेळ बहुतेक वेळा बसत असे. या ज्ञानाची नोंदही मार्गदर्शक शास्त्रज्ञ बाईंनी वहीत करायला लावली, त्यात जुळलेले आणि न जुळलेले दोन्ही प्रसंग लिहिण्याच्या अटीवर.

प्रयोगशाळेत आल्यावर नमुन्याचे क्रमश: विरलीकरण केले जाते, म्हणजे तो प्रत्येक पायरीला दहापट पातळ करत नेला जातो, जेणेकरून एखाद्या पायरीवर प्लेटवर मोजता येण्याजोग्या, साधारण ३० ते ३०० वसाहती उगवतील. एका पेशीपासून वाढून डोळ्यांना दिसू लागलेला ठिपका म्हणजे वसाहत. महाविद्यालयात हे विरलीकरण ऊर्ध्वपातित पाण्यात किंवा सौम्य मीठपाण्यात होत असे. येथे ते नमुन्याइतक्याच खाऱ्या, निर्जंतुक द्रावणात करावे लागते, नाहीतर मोजण्याआधीच जीव फुटतात. मीठविरहित प्लेटांपासून २५ टक्के मिठाच्या प्लेटांपर्यंत चढत्या खारटपणाच्या प्लेटांवर हे नमुने पसरले गेले. कमी मिठाच्या प्लेटांवर दोन-तीन दिवसांत पिवळट, पांढऱ्या वसाहती आल्या. २५ टक्क्यांच्या प्लेटा मात्र कोऱ्याच राहिल्या.

मीठप्रिय आर्किया सावकाश वाढतात; त्यांच्या वसाहती दिसायला दोन-तीन आठवडेही लागू शकतात, आणि एवढ्या काळात प्लेट सुकू नये म्हणून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ऊबेत ठेवावी लागते. वाट पाहण्याच्या या दिवसांत २५ टक्क्यांच्या प्लेटांवर काही बारीक, चमकदार ठिपके दिसू लागले. त्यांच्या कडा नितळ होत्या, काही ठिपके चौकोनी होते, आणि प्लेट उजेडाकडे तिरपी धरली की ते लकाकत. या वसाहती असाव्यात असे मानण्याचा मोह कोणालाही झाला असता. परंतु त्याच बॅचच्या माध्यमाची, काहीही न पसरलेली एक प्लेट, म्हणजे कंट्रोल, बाजूला ठेवलेली होती, आणि तिच्यावरही तसेच ठिपके उगवले होते. ते मिठाचे स्फटिक होते. पुढे जेव्हा खऱ्या वसाहती आल्या, तेव्हा त्या फिक्या गुलाबी, गोलसर आणि लूपच्या, म्हणजे तारेच्या कडीच्या, टोकाने उचलता येण्याइतक्या मऊ होत्या, आणि कंट्रोलच्या प्लेटवर त्यांचा मागमूस नव्हता. महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिकात कंट्रोल लावला जातो तो तशी सूचना असते म्हणून. येथे तो नसता, तर मिठाच्या खड्यांची गणना सजीव म्हणून होऊन अहवालात गेली असती.

या वसाहती सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठीही नेहमीची पद्धत चालत नाही. काचपट्टीवरचा पातळ थर ज्योतीवर धरून सुकवला, तर मिठाचा जाड थर उरतो. पाण्याने धुतला, तर पेशीच फुटतात. यावर १९५५ साली ड्युसॉल्ट या संशोधकाने काढलेला उपाय असा की, दोन टक्के ॲसिटिक आम्लाच्या द्रावणाने पेशी त्याच वेळी स्थिर कराव्यात आणि मीठही विरघळवून काढावे, आणि मग रंग द्यावा. ग्रॅम रंजन हा पहिल्या वर्षाचा, डोळे मिटून करता येण्याजोगा प्रयोग. त्यातली एक पायरी बदलावी लागली, तेव्हा उरलेली प्रत्येक पायरी कशासाठी आहे हे विचारणे भाग पडले. पद्धत पाठ असणे आणि पद्धत समजणे यांतील अंतर या साध्या रंजनाने जितके स्पष्ट केले, तितके कोणत्याही व्याख्यानाने केले नसते.

प्लेटवर जे उगवते तेवढेच पाण्यात असते असे मात्र नाही. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख जिवाणू असतात, हे गाळणकागदावर पेशी अडवून, त्यांना चमकणारा रंग देऊन केलेल्या थेट मोजणीवरून कळते. तेच पाणी प्लेटवर पसरले, तर बहुधा एक टक्काही उगवत नाहीत. जेम्स स्टॅली आणि ॲलन कोनोप्का यांनी १९८५ साली या तफावतीकडे ठळकपणे लक्ष वेधले. समुद्रातल्या सर्वांत विपुल जिवाणूंपैकी एक असलेल्या सार-११ या गटाचा सुगावा १९९० साली त्याच्या जनुकांवरून लागला. तो प्रयोगशाळेत वाढवता आला २००२ साली, आणि तोही नेहमीच्या सकस माध्यमात नव्हे, तर समुद्राच्याच जवळजवळ निकस पाण्यात. ही माहिती विद्यार्थिनीने शोधनिबंधांतून मिळवली. इंग्रजी शोधनिबंध वाचायला सुरुवातीला तिला एका पानाला एक संध्याकाळ लागत असे, आणि ते वाचण्याची युक्ती, म्हणजे आधी आकृत्या, मग पद्धती आणि शेवटी निष्कर्ष, तिला पीएच.डी. करणाऱ्या एका ताईने शिकवली. या वाचनाचा परिणाम असा झाला की, प्लेटवरच्या आकड्याखाली ‘एकूण संख्या’ असे न लिहिता ‘या माध्यमावर, या तापमानाला वाढू शकलेले’ असे ती लिहू लागली.

जूनमध्ये पाऊस आला आणि वाफे पाण्याखाली गेले. त्याच जागांवरून पुन्हा पाणी आणि चिखल घेतला गेला. पाण्याचा खारटपणा समुद्राच्या पाण्याहूनही पुष्कळ खाली उतरलेला होता, आणि अपेक्षेप्रमाणे २५ टक्के मिठाच्या प्लेटांवर या पाण्यातून फार थोड्या वसाहती आल्या. चिखलातून मात्र लक्षणीय वसाहती आल्या. येथे दोन स्पष्टीकरणे शक्य होती. एक असे की, चिखलाच्या खालच्या थरात अडकलेले पाणी अजूनही पुरेसे खारे असल्याने हे जीव तेथे तग धरून आहेत. दुसरे असे की, मिठाच्या स्फटिकांच्या आत, द्रवाच्या सूक्ष्म थेंबांत ते बंदिस्त राहतात. स्फटिकांतील अशा थेंबांत मीठप्रिय आर्किया दीर्घकाळ जिवंत राहू शकतात, हे इतर संशोधनांतून ठाऊक आहे. या दोहोंपैकी कोणते खरे, की दोन्हीही, हे ठरवण्यासाठी चिखलाच्या वेगवेगळ्या खोलीवरचा खारटपणा पावसाळाभर मोजत राहणे आवश्यक होते, आणि तोवर सुटी संपली होती.

शेवटच्या आठवड्यात प्रयोगशाळेच्या बैठकीत तिने हे काम मांडले, तेव्हा निष्कर्षाच्या पानावर ‘मीठप्रिय आर्किया पावसाळ्यात चिखलात टिकून राहतात’ असे वाक्य होते. मार्गदर्शक बाईंनी ते खोडले नाही. एवढेच विचारले की, हे वाक्य किती मिठागरांबद्दल आणि किती पावसाळ्यांबद्दल आहे. चर्चेअंती ते वाक्य ‘पाहणी केलेल्या वाफ्यांच्या चिखलातून पावसाच्या सुरुवातीनंतरही उच्च मिठाच्या माध्यमावर वाढणारे जीव मिळाले’ असे झाले. पहिले वाक्य आकर्षक होते आणि दुसरे खरे होते. प्रयोगशाळेची वहीही जर्नलसारखी नव्हती : तिची पाने क्रमांकित होती, एकही पान फाडायला बंदी होती, चूक झाली तर एका रेघेने खोडून शेजारी तारीख घालायची होती, आणि कोऱ्या राहिलेल्या प्लेटांचीही नोंद इतर निकालांइतक्याच काळजीने ठेवायची होती. ती वही विद्यार्थिनीला घरी नेता आली नाही, कारण ती तिच्या मालकीची नव्हती. पुढे जो हे काम हाती घेईल त्याच्यासाठी ती कपाटात राहिली.

या काळात घरून येणाऱ्या फोनवर वडिलांनी एकदा विचारले की, मिठात जंतू जगतात म्हणतेस, तर आपल्या क्षारपड रानातही असतील का. मार्गदर्शकांच्या कोणत्याही प्रश्नाहून हा प्रश्न कमी महत्त्वाचा नव्हता. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत कृष्णाकाठच्या काळ्या, चिकण जमिनी उसाला वर्षानुवर्षे पाटाचे आणि उपसा योजनांचे भरमसाट पाणी दिल्याने आणि निचऱ्याची सोय नसल्याने क्षारपड झाल्या आहेत. भूजलाची पातळी वर येते, उन्हाळ्यात ते पाणी मातीच्या बारीक पोकळ्यांतून पृष्ठभागाकडे ओढले जाऊन उडून जाते, आणि त्यातले क्षार वर पांढऱ्या थराच्या रूपाने उरतात. जो क्षार नदीच्या पाण्यातून समुद्राला जायचा, तो शेतातच साचून राहतो. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की ती जमीन क्षारयुक्त मानली जाते. समुद्राच्या पाण्याची वाहकता सुमारे ५० असते. त्यामुळे शेत म्हणजे मिठागर नव्हे, आणि क्षारांबरोबर सोडियम वाढून जी जमीन चोपण होते तिचे रसायन आणखी वेगळे असते. परंतु एक साम्य उघड आहे : मे महिन्यात पृष्ठभागावर क्षारांचा थर, आणि जून-जुलैत तो धुऊन टाकणारा पाऊस. मिठागराला विचारलेला प्रश्न वाळव्याच्या रानाला जसाच्या तसा विचारता येतो.

किनाऱ्यापासून दूरच्या महाराष्ट्रात असे प्रश्न विचारले गेले आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथील उल्कापाताने झालेल्या, अतिशय अल्कधर्मी पाण्याच्या सरोवराचा रंग जून २०२०मध्ये गुलाबी झाला, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी पाण्याचे नमुने तपासून त्याचे कारण मीठप्रिय आर्कियांच्या वाढीत असल्याचे सांगितले. गोव्याच्या वाफ्यांना रंग देणारे जीव आणि लोणारला रंग देणारे जीव एकाच मोठ्या गटातले आहेत. समुद्रकाठ हा या विद्येचा आरंभ असला, तरी तिची हद्द नाही. क्षारसहिष्णू जिवाणू पिकांच्या मुळांशी राहून त्यांना खाऱ्या मातीत तग धरायला मदत करू शकतात का, यावर देशात आणि परदेशांत बरेच काम चालू आहे. क्षारपड सुधारण्याचा खरा उपाय निचरा आणि बेताचे पाणी हाच असला, तरी त्या मातीत कोण राहते हे माहीत असणे त्या कामाला पूरकच आहे.

या अनुभवाचे मूल्यमापन करताना विद्यार्थिनीने नवा जीव शोधला का, किंवा शोधनिबंध छापून आला का, असे विचारण्याची रीत आहे. दोन्हींचे उत्तर नाही असे आहे, आणि दोन महिन्यांच्या पदवीपूर्व कामाकडून तशी अपेक्षा ठेवणेही गैर आहे. तिला मिळाले ते एवढेच की, ज्याचे उत्तर ठाऊक नाही असा प्रश्न कसा धरावा, कंट्रोलशिवाय काही बोलू नये, आकड्यापुढे त्याची मर्यादा लिहावी आणि कोऱ्या प्लेटची नोंद ठेवावी. या चार सवयी लावायला समुद्र लागत नाही. सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांतून दरवर्षी मोजकेच विद्यार्थी किनाऱ्यावर जाऊ शकतील. बाकीच्यांसाठी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रत्येक विभागाने आपल्या परिसरातले एक क्षारपड शेत निवडावे, मे महिन्यात आणि पावसानंतर त्याच खुणेवरची माती आणावी, वेगवेगळ्या मिठाच्या प्लेटांवर ती कंट्रोलसह पसरावी, आणि निकाल क्रमांकित पानांच्या वहीत तारखेसह लिहून ती वही पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांच्या हाती सोपवावी. त्यासाठी लागणारे मीठ, अगर, ऑटोक्लेव्ह आणि ऊबकपेटी आज या विभागांकडे आहे; उत्तर आधी ठाऊक नसलेला प्रश्न तेवढा शिक्षकांनी अभ्यासक्रमात घालावा.